ध्यान, का साखर?

आमच्या मंडळीत साखर वर-खाली होत राहते, किस्से मात्र चढतच जातात! पांढुर्ण्यात एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही जमतो. आम्ही म्हणजे रोज इन्सुलिन घेणारे शाळा-कॉलेजचे पोट्टे-पोट्टी, अन् त्यांचे माय-बाप. माझी मृण्मयी त्यातलीच. टेन्शननंही साखर चढते, म्हणून डॉक्टर मॅडमनी सगळ्यांच्या मोबाइलात ध्यानाचं अ‍ॅप टाकून दिलं. तिथून सुरू झालं सगळं.

*

अ‍ॅपमधली बाई मोठी गोड बोलते. म्हणाली, "कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात."

बोरगावचा विक्की लगेच म्हणतो, "मॅडम, समुद्र पाहलाच नाही तं बसू कुठं?"

"बरं बाप्पा, तुझ्या आवडीच्या जागी बस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

गडी डोळे मिटून बसला. चेहऱ्यावर असं हसू, की पाहूनच माझा स्ट्रेस गेला! डोळे उघडल्यावर हळूच विचारतो, "मॅडम, आमच्या बगीच्यात बसून मनातल्या मनात चार संत्री खाल्ली. इन्सुलिन किती घेऊ?"

*

पुढं एका रविवारी त्याच विक्कीचं असं ध्यान लागलं, की मान छातीवर! त्याचे बाबा मला सांगून राहिले, "पाहा वहिनी, पोरगा कसा समाधीत गेला!"

मॅडमनी त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला अन् धावल्या. साखर पार खाली! ग्लुकोजचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे गडी ताळ्यावर आला. म्हणतो, "समाधी गिमाधी काही नाही बाबा, मी वरच चाललो होतो!"

हसलो आम्ही सगळे, पण त्याच्या बाबांनी घरी निघेपर्यंत त्याची साखर तीनदा तपासायला लावली. तेव्हापासून आमच्यात कोणी गप्प बसलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "ध्यान, का साखर?"

*

माझ्या सासूबाईंना अ‍ॅप मुळीच पटलं नाही. "शांत व्हायले मोबाइलवाली बाई कायले पाहिजे? जामसांवलीच्या मारुतीले चल. तिथं देवच निजलेला हाय!"

नातीला घेऊन गेल्या. पोरगी खरंच हसत-खेळत परत आली. मी साखर तपासली, तर आभाळाला टेकलेली!

"पेढा दिला का आई?"

"दोन दिले. मारुतीचे डोळे मिटलेलेच असतात, त्याले काय दिसते!"

*

मग मृण्मयी नागपूरला शिकायला गेली, होस्टेलवर. फ्रिजमधला तिच्या इन्सुलिनचा कप्पा रिकामा झाला. त्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा ठेववत नाही मला.

मी आपली सारखी फोन करायची. साखर किती? जेवली का? टोचलं का? शेवटी चिडलीच. "आई, तुझा फोन आला की माझी साखर वाढते!"

मग ठरलं. अ‍ॅपमध्ये कोणी ध्यानाला बसलं, की त्याच्या नावापुढं हिरवा दिवा लागतो, अन् आपण विझवेपर्यंत जळत राहतो. सकाळी सहाला तिनं दिवा लावायचा, म्हणजे ती बरी आहे. दिवा दिसला, की मी फोन करायचा नाही. तीही माझा दिवा पाहणार. तेव्हापासून पोरगी ध्यानाला लागली, म्हणून मी सगळ्या रविवार-मंडळीत सांगत सुटले.

दिवाळीला घरी आली. सकाळी सहाला मी तिच्या खोलीत डोकावले. पांघरुणातून एक हात बाहेर आला, चाचपडत मोबाइल धरला, दिवा लावला अन् परत आत! बाई घोरून राहिली!

"वा गं वा! हे तुझं ध्यान?"

डोळेही न उघडता म्हणाली, "अन् तू गं? ध्यान संपलं तरी तुझा दिवा जळतच राहते. पोळ्या लाटते ना तू तेव्हा?"

पोळ्याच लाटते मी.

दिवाळी झाली, ती गाडीत बसून गेली. दुसऱ्या दिवशी सहाला दोघींचे दिवे लागले. ध्यान संपलं, बाई बोलायची थांबली. दिवा तिनं विझवला नाही, मीही नाही. पोळ्या झाल्या, दूध उतू गेलं, तरी दोन्ही दिवे तसेच. मग तिचा मेसेज आला.

"आई, ध्यान, का साखर?"

पिठाच्याच बोटानं मी लिहिलं, "आठवण."