मुग्धाचे लेख आणि माझं गेनाऊ

लेकीकडे जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आलो आणि सांगण्यासारखं इतकं साठलं, की परतताना बॅगेचं वजन त्यानेच वाढणार!

मुग्धा इथे पीएच.डी. करते. विषय : वेबसाइटचं डिझाइन म्हाताऱ्यांना कसं अडवतं. तिच्या गाइड मॅडमनी बजावलंय, "यावरचे लेख दाखव, नाहीतर विषय बदल." मी सातवी नापास. मदतीला बसलोच!

*

तिने लेखांच्या डेटाबेसमध्ये 'वेब डिझाइन' टाकलं. लाखांनी लेख!

"बाबा, हे कोण वाचणार?"

"लिहिणाऱ्यांनी तरी वाचलेत का, ते बघ!"

*

मग ती अटी घालत गेली. म्हाताऱ्यांवरचेच हवेत, नवेच हवेत, जर्मनीतलेच हवेत. शेवटी उरला भोपळा. पोरगी रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी आईसाठी स्थळ असंच शोधलं. उंच, गोरा, पदवीधर, अबोल. कोणी सापडेना! एकेक अट काढत गेले, तेव्हा मी निघालो."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "अहो, निदान अबोलची तरी ठेवायची!"

*

एकदा मीच शोधायला बसलो. मुग्धाने दाखवलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. मुलीस लेख हवे आहेत, तरी कृपया पाठवावेत.'

उत्तर : शून्य.

'आपला नम्र' राहिलं होतं ना!

*

माझं जर्मन एका शब्दाचं. गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर'. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं.

"गेनाऊ!"

बाई चटकन उठल्या, मला खुर्ची दिली. मुग्धा कपाळाला हात लावून, "बाबा! भारतातले प्रोफेसर का, असं विचारलं त्यांनी!"

*

शेवटी मॅडम लायब्ररीतच आल्या. मुग्धाला सापडलेले लेख जेमतेम दोन. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे म्हाताऱ्यांना अडचण नसेलच." पोरीचा चेहरा उतरला. तिने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं, हातात विषयाची चिठ्ठी दिली. "बाबा, यावरचा एक लेख शोधा."

स्क्रीनभर मुंगीएवढी करडी अक्षरं. शोधायची चौकटच दिसेना! मॅडम मागे उभ्या. इथे टिचकी मार, तिथे मार, पान आपलं तेच.

शेवटी उठलो, काउंटरवर गेलो, बाईंपुढे चिठ्ठी ठेवली.

चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात बाई छापील लेख घेऊन हजर. "बिट्टं, हेर प्रोफेसर!" म्हणजे 'घ्या, प्रोफेसरसाहेब!'

मॅडमनी लेख बघितला, मग स्क्रीन, मग मला. मुग्धाला म्हणाल्या, "विषय मंजूर."

आणि माझ्याकडे वळून, अदबीने, "विच युनिव्हर्सिटी?"

मी छाती पुढे काढली. "गेनाऊ!"