टाके नसलेलं ऑपरेशन

"मले काय धाड भरली?" असं कंबरेवर हात ठेवून आमची शेजारीण म्हणाली, की खुशाल समजावं, बाईला काहीतरी झालंय. राजापेठेत क्लासच्या पोरांना डबे द्यायची. पाळीत अंगावरून एवढं जायचं, की पोळ्या लाटता लाटता भिंत धरायची. गर्भाशयात गाठी निघाल्या. सगळे म्हणाले, पिशवीच काढून टाका. ही उसळली, "माही हाय, काहून देऊ?"

शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी मांडीतल्या नसेतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा बंद केला. हिनं गल्लीला समजावलं, "कॅनॉलचं पानी तोडलं. आता गाठी वाळतीन."

पण आपल्याकडे भेटायला येणाऱ्या बायकांना टाके बघायचे असतात, तुम्हाला माहीतच आहे. हिच्या पोटावर ओरखडासुद्धा नाही! "मंग कायचं ऑपरेशन?" म्हणत बायका चहा पिऊन गेल्या. मदतीला हिवरखेडहून आलेली जाऊ दुसऱ्याच दिवशी परत. आणि या बाईसाहेब पोट दाबत तव्यापुढे.

पंधरवड्यानं तिच्या घरातून सारखा उदबत्तीचा धूर यायला लागला. "रोज सत्यनारायण मांडता का हो?" मी विचारलं.

"मले काय धाड भरली?" म्हणाली, पण दात वाजत होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. माझं डोकंच फिरलं. दार लावून घेतलं आणि म्हटलं, "बोला आता."

"मॅडम, खालून घान वास येऊन राह्यला. कोनाले सांगू? डॉक्टर म्हनतीन, काढा पिशवी."

असं झालं तर ताबडतोब या, हे डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही उदबत्त्या लावतेय!

"खड्ड्यात गेली पिशवी! मले तुमी पाह्यजे!" मी ओरडले, रडलेसुद्धा. शाळेत शुद्ध बोलणारी मी, भांडताना वऱ्हाडीच होते.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आत्ता निघा. अकोल्यापर्यंत गाडीत ती कण्हत कण्हत मला वरणाची फोडणी शिकवत होती.

वाळलेल्या गाठीचा तुकडा आत अडकून सडला होता. डॉक्टरांनी तो खालूनच काढला, सलाइनमधून औषधं दिली. पिशवी वाचली. "म्हंजे याही खेपेले टाके नाई?" तिनं विचारलं. नर्स हसली. ही मात्र भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडली.

आता दुपारी तिच्या दाराला कुलूप असतं. परवा भर बाजारात दिसली. स्कूटी उभी करून, ओटीपोट धरून बसलेल्या भाजीवालीला खणखणीत आवाजात विचारत होती, "ताप हाय? वास येते?" वांगी निवडणारे पुरुष जागीच थिजले. भाजीवालीनं पदरात तोंड लपवून होकारार्थी मान हलवली.

"मंग लाजून काहून राह्यली? बस मांगं, दवाखान्यात जाऊ!"

ती बसली. मला पाहून हिनं तराजू माझ्या हातात दिला. "मॅडम, तवरिक तुमी वांगे इका."

गेल्या दोघी. आणि मी बसले वांगी विकत.