भाकरी थापताना बांगड्या कुठे जातात

उंब्रजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली तेव्हा आईने ट्रंक खाली ठेवली आणि माझ्या मनगटांत हिरव्या बांगड्या चढवल्या. "मोकळ्या हातानं जाऊ नगंस. सवाशीण हाईस."

मी नर्स. ड्यूटीवर घड्याळही खिशात. पण वाद घालायला वेळ नव्हता. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, खरं सांगते, मला रडू आलं नाही. खिडकीत बसून मी हसत होते.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. खेड्यांतल्या सुईणींना शिकवण्यासाठी सरकारला प्रशिक्षक तयार करायचे होते, त्यात माझी निवड झाली. सांगलीत चार महिने लेक्चर, चार्ट, रबरी बाळ. शेवटी परीक्षकबाईंसमोर एक पाठ. पास झाले तर ट्रेनर, नाही तर परत जुना वॉर्ड.

माझा विषय होता हात धुणे. समोर कवठे महांकाळकडच्या सात सुईणी. आईच्या बांगड्या रोजच्यासारख्या काढून एप्रनच्या खिशात टाकलेल्या. मी ठसक्यात म्हटलं, "आधी बांगड्या काढा."

कोणी हललं नाही. गोदामावशी सगळ्यांत वयस्क. तिने माझे हात न्याहाळले. "बाई, तुमचं मालक हाईत न्हवं?"

"आहेत की!"

"मग हातं अशी का? असल्या हातानं बाळंतिणीकडं गेले तर उंबऱ्यातनंच हाकलतील मला."

सगळ्या हसल्या. परीक्षकबाईंचं पेन चालू झालं.

"बरं मावशी, भाकरी थापताना काय करता?"

"वर सारतो की!"

मी खिशातल्या बांगड्या चढवल्या, त्यांच्यासकट हातांना साबण लावला, मग त्या कोपराकडे सारून स्वच्छ पट्टीने बांधल्या आणि पुन्हा हात धुतले. सातही जणी उठून बादलीपाशी आल्या.

"हे पुस्तकात कुठे आहे?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"नाही. पण बाळंतिणीच्या घरी पुस्तक जात नाही, या जातात."

मी पास झाले.

सांगलीत बिऱ्हाड थाटलं, तिथलीच झाले. ट्रेनर म्हणून उंब्रजला पहिला वर्ग घेतला तेव्हा वाटलं, आता इथे मी पाहुणी. साबणाची वडी काढली. सुईणींच्या रांगेत शेवटी आई उभी, जन्मात कुणाचं एकही बाळंतपण न केलेली. बांगड्या वर सारून तिने हात पुढे केले.

"घट्ट बांध गं, मास्तरीणबाई. आन तुज्या कुटं हाईत?"

मी हात वर करून दाखवले. हिरव्या बांगड्या कोपराशी बांधलेल्याच होत्या.