रिपोर्टसाठी मारलेल्या बैठका

आमच्या हाटकेश भागातल्या लॅबमध्ये रक्त काढणारा तो माणूस आपल्या तोंडाकडे बघतच नाही. दंडाकडे बघतो आणि शिरेशी बोलतो, "ये गं बाई, ये बाहेर." मी रोज तीनशे बैठका मारतो, पण माझी शीर त्याचंच ऐकते.

परीक्षेच्या आधी अभ्यास करतात ना, तशा मी रक्त द्यायच्या आदल्या संध्याकाळी सहाशे ठोकल्या. म्हटलं, रिपोर्ट फर्स्ट क्लास येणार. आला, तर लिव्हरचा आकडा चढलेला. मला इंग्रजी कुठे येतंय, बायकोने वाचला. "खरं सांगा, कधीपासून पिताय?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माहेरी जायला बॅग काढली.

मी लंगडत लॅबवर. त्याने कागद बघितला, मग पहिल्यांदाच मला वरपासून खालपर्यंत.

"काल खुर्चीत बसताना कण्हत होता. व्यायाम किती केलेला?"

मी सांगितलं. तो हसला नाही.

"स्नायूंना एवढं झोडलं की त्यानेपण आकडा चढतो. डॉक्टरला बैठकांचं सांगा. ते म्हणाले तर आठवडाभर आराम करून परत काढू."

"डॉक्टर संध्याकाळी भेटणार. बायको आत्ता चाललीय."

बाहेर पाच जण उपाशीपोटी बसलेले. तरी त्याने ग्लोव्हज काढले, माझा फोन घेतला. "वहिनी, लॅबमधून बोलतोय. यांना काल खुर्चीतून मी हात देऊन उठवलंय. हे पाय बारपर्यंत पोचणारच नाहीत."

तिकडे बायको खळखळून हसली. इकडे मला रडू फुटलं, आणि त्या पाच जणांना वाटलं, हा सुईला घाबरला.