हात बाजूला, आमेन

डावा हात मेन स्विचच्या लोखंडी पेटीवर, उजव्या हातात डोक्यावरून काढलेली टोपी, आणि डोळे मिटलेले. आमच्या भातगिरणीचा दिवस असा सुरू व्हायचा. पण डोळे मिटण्याआधी आमचे मालक खणखणीत आवाजात विचारायचे,

"हात बाजूला?"

"बाजूला!" आम्ही सगळे.

"पट्टा मोकळा?"

"मोकळा!" हा भात भरडायच्या यंत्रावरचा, हलरवरचा ज्ञानबा.

मग प्रार्थना. प्रार्थनेच्या शेवटी ते म्हणायचे "आमेन", आणि त्या शब्दाबरोबर ज्ञानबा स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचा. मोटार घरघरायची, पट्टा फिरायचा, पत्रा थरथरायचा. ज्ञानबा माळकरी माणूस. पण इतकी वर्षं ऐकून त्याच्या लेखी आमेनचा अर्थ एकच झाला होता : चालू कर. घरी विहिरीवरची मोटार चालू करतानासुद्धा तो 'आमेन' पुटपुटायचा म्हणे.

नसरापूरहून वेल्ह्याकडे कधी गेला असाल, तर रस्त्याच्या कडेला पिवळ्या भिंतीची ही गिरणी तुम्ही पाहिली असेल. भिंतीवरची अक्षरं वाचून हसलाही असाल. मालकांना दोन ओळी रंगवून हव्या होत्या. वरची ओळ, 'येशू माझा मालक'. खालची, 'कोंडा मागून घ्या'. कारण बऱ्याच गिरण्यांत कोंडा गिरणीवाल्याकडेच राहतो, आणि ह्यांचं म्हणणं, भात ज्याचं त्याचा कोंडा. पेंटरनं जागा वाचवायला सगळं एका ओळीत रंगवलं. 'येशू माझा मालक कोंडा मागून घ्या'. एस.टी.तली माणसं खिडकीतून ओरडायची, "ओ मालक, येशूला सांगा, आमचा कोंडा राहिलाय!"

"सांगतो की! नाव काय लावू?" मालक आतून तेवढ्याच जोरात.

भिंत पुसून घेतली नाही. म्हणाले, "चूक बरोबरच झालीय. दोन्ही गोष्टी एकच हायेत."

मी तिथं कामाला लागले ती भोरच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. वडील अंगठा उठवायचे. हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते, तुम्हालाही सांगितलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना 'मालक' म्हटलं, तर म्हणाले, "मालक वर हाय. मी मॅनेजर."

"मग मी कोण?"

"तू ग्रॅज्युएट."

तेच नाव पडलं. चौदा वर्षं मला त्यांनी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आणि चौदा वर्षं मीही त्यांना मालकच म्हणत राहिले. दोघंही हट्टी.

ते मूळचे नगरकडचे. तरुणपणी एका गिरणीचं इंजिन बसवायला मिस्त्री म्हणून इकडं आले आणि राहिले. पुढं स्वतःची गिरणी टाकली. सुरुवातीला गावात कुजबुज होती, हा बाटवायला आलाय का काय. एकानं तोंडावर विचारलं. त्यांनी तोंडावर उत्तर दिलं, "मी लपवत न्हाई आणि लादत बी न्हाई." रविवारी गिरणी बंद, ऐन हंगामातही. ते पहिल्या गाडीनं पुण्याला उपासनेला जायचे. दसऱ्याला ज्ञानबा मशिनला हार घालायचा, तेव्हा ते दाराशी टोपी हातात घेऊन उभे राहायचे. हात जोडायचे नाहीत, आणि पेढा सोडायचे नाहीत.

त्यांची प्रार्थना म्हणजे पंचक्रोशीचं वर्तमानपत्र होतं. रांगेत पोतं घेऊन बसलेल्या प्रत्येकाचं त्यात काहीतरी यायचं. "हे बापा, तात्याच्या म्हशीला उतार पडू दे. ज्ञानबाच्या बायकोचा राग शांत कर. राग आलाय तो बरोबरच हाय, तरी शांत कर." ज्ञानबा मिटल्या डोळ्यांनी लाजायचा. बायका कोपरानं ढोसायच्या, "मालक, माझ्या सुनेचं बी घ्या की त्यात." मागून कुणीतरी, "आटपा, लाईट जाईल!" एकदोनदा खरंच गेली. तेव्हा ते वर बघून म्हणाले, "लांबलं व्हय? बरं, उद्या थोडक्यात."

आणि एकदा पुण्याहून त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब आले. पांढराशुभ्र सदरा. गिरणीला आशीर्वाद द्यायचा म्हणून तूस बाहेर पडतं त्या तोंडाजवळ उभे राहिले, छान प्रार्थना केली आणि म्हणाले, "आमेन." ज्ञानबानं बटण दाबलं. पाळकसाहेब कमरेपासून वर तुसानं माखले. आमचे मालक हसून हसून पोत्यावर बसले. मग उठून ज्ञानबाला दम भरला, "'हात बाजूला?' असं कुणी विचारलं होतं का?" तेव्हापासून नियमच झाला. ह्या छपराखाली तो शब्द जपून वापरायचा.

आता माझ्या चुकीचं सांगते.

आमच्याकडे बियाण्याच्या पोत्याला लाल चिंधी बांधतात. जुन्या लुगड्याची, पोत्याच्या तोंडाला. लाल चिंधी म्हणजे हे पेरायचं, ह्याला हात लावू नका. मी शेतकऱ्याची पोर, मला हे पाळण्यापासून ठाऊक. पण मला गिरणीत शिस्त आणायची होती. कुणाची चिंधी, कुणाची सुतळी, कुणाचा काथ्या, हे काय चाललंय? मी पुठ्ठ्याचे नंबर केले, प्रत्येक पोत्याला लावले, यादी केली. आणि चिंध्या कापून टाकल्या.

मार्गासनीच्या हौसाआजीचं घर त्या उन्हाळ्यात उतरवलं होतं, पत्रे बदलायला. म्हणून तिनं बियाण्याचं एकुलतं पोतं गिरणीत ठेवलं होतं. जुन्या आंबेमोहोराचं बियाणं, तिच्या सासूच्या सासूपासून दरसाल राखून ठेवत आलेलं. माझ्या भरडायच्या यादीत तो बेचाळीस नंबर. ज्ञानबानं यादीप्रमाणे बेचाळीस नंबर हलरमध्ये ओतला.

कळलं ते वासानं. आख्खी गिरणी मोहरल्यासारखी झाली. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मालक बाहेरून आत आले, नाक वर करून. "कुणाचं भात हे?"

मी यादी बघितली. बेचाळीस, हौसाआजी. पांढरा तांदूळ भराभर घमेल्यात पडत होता. तांदूळ झाला की झाला. तो उगवत नाही.

मी ग्रॅज्युएट, मला लगेच तोड सुचली. त्यांना कोपऱ्यात घेतलं. "मालक, दुसरं चांगलं भात भरून देऊ. दिसायला सारखंच. तिला काय कळणार?"

त्यांनी टोपी काढली. "तुला कळलं. ज्ञानबाला कळलं. मला कळलं. वर कळलं. उरलं कोण? ती एकटी. जिचं हाय तिलाच तेवढं नको कळाय?"

टेम्पोत तांदळाचं पोतं टाकून आम्ही मार्गासनीला गेलो. हौसाआजी मांडवात बसली होती, उतरवलेल्या घरासमोर. मालक तिच्यापुढं उभे राहिले. "आजी, तुमचं बियाणं मी भरडलं."

मी भरडलं, म्हणाले. मी मागं उभी होते आणि गप्प राहिले.

आजीनं पोत्यात हात घातला. मूठभर तांदूळ काढून बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"ह्ये पेरू व्हय मी?"

"न्हाई."

"तुमचा येशू तांदळाचं माघारी भात करतो का?"

"त्याला काय अवघड न्हाई, आजी. पर माझ्या चुका निस्तरायला त्याला किती येळा बोलवू? आधी मी हिंडतो. तुमचं बियाणं कुणी कुणी नेलं होतं, तेवढं सांगा."

आजीनं नावं घेतली. कुणी जमीन विकली होती, कुणी संकरित लावत होतं. शेवटी ती बराच वेळ मातीत रेघा ओढत बसली. "एक हाय. माझा धाकटा दीर. वरच्या वाडीला. पर बांधावरनं आमचं अकरा वर्षं बोलनं न्हाई. त्याच्या दारात म्या जायची न्हाई. बियाणं गेलं तरी चालंल."

"तुमी नका जाऊ. मी जातो."

दीर अंगणात दोर वळत बसला होता. सगळं ऐकून घेतलं, आणि दोर वळता वळताच म्हणाला, "बियाणं हाय. पर तिचं तिनं यावं. पदर पसरावा, मग बघू."

"चूक तिची न्हाई. माझी हाय. मी पसरतो." मालकांनी खरंच टोपी उलटी करून पुढं धरली.

"न्हाई. तिनंच."

"मग मी बसतो हितं." ते दगडावर बसले.

"किती बसाल?"

"आज बुधवार. रविवारपात्तूर मोकळा हाय."

ऊन डोक्यावर होतं. साठी उलटलेला माणूस उलटी टोपी मांडीवर घेऊन बसलेला, कडेच्या घरांतून माणसं बघायला लागलेली, कुणीतरी हसलंही. आणि ही टोपी माझ्यासाठी उलटी झालेली. मी पुढं झाले.

"चूक ह्यांची नाही," मी म्हटलं. "माझी आहे. चिंधी मी कापली."

दीराचे हात थांबले. "चिंधी कापलीस? बियाण्याची?"

"हो."

"शिकलेली दिसतीस."

"बी.कॉम.," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून गेलंच. आणि तो माणूस हसला. इतका हसला की दोर हातातून सुटला. मालकही हसायला लागले. मी तेवढी रडत होते.

दीर आत गेला आणि खांद्यावर पोतं घेऊन आला. तोंडाला लाल चिंधी, धुऊन धुऊन विटलेली. "वैनीचीच हाय ही. तिनं पयल्यांदा बियाणं दिलं तवाची. दरसाली पेरल्यावर सोडून ठिवतो, दरसाली तीच बांधतो." मग माझ्याकडं बघून, "चिंधीसकट दे तिला. कापू नकोस, बी.कॉम."

परत येताना टेम्पोत मी म्हटलं, "तुम्ही आधीच का नाही सांगितलं, हिनं केलं म्हणून?"

"गिरणी माझी, तर चूक बी माझी. तुझ्या वाटणीचं तू बोलायचं होतंस. बोललीस." आणि थोड्या वेळानं, "उद्या प्रार्थनेत घेऊ का हे?"

"नको!"

"बरं."

घेतलंच त्यांनी. नाव न घेता, 'एका ग्रॅज्युएटसाठी' म्हणून. मागून ज्ञानबा खोकला.

हौसाआजीनं पोतं बघितलं. चिंधी सोडली, बोटांवर पसरली. "माझ्याच लुगड्याची," एवढंच. पण पेरायच्या दिवशी आम्हाला निरोप आला. रोपासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजून तयार होती. आणि बांधावर, त्याच भांडणाच्या बांधावर, दीर उभा. बोलत नव्हता, पण उभा होता.

आजीनं तिच्या देवांची नावं घेतली, गावदेवापासून सगळी. मूठ भरली, आणि थांबली.

"मालक, तुमचं त्ये म्हना की."

"कोणतं?"

"त्याबिगर चालू हुत न्हाई म्हनं काय."

त्यांनी टोपी काढली. मला वाटलं लांबलचक प्रार्थना होणार. पण त्यांनी फक्त सवयीनं विचारलं, "हात बाजूला?"

"बाजूला!" बांधावरून दीर ओरडला. अकरा वर्षांत वहिनीला ऐकू जाईल असा तो त्याचा पहिला शब्द.

"आमेन," मालक म्हणाले. आजीनं मूठ उधळली.

त्याला बरीच वर्षं झाली. मी आता पोत्यांना नंबरही लावते आणि चिंधीही राहू देते. नुसत्या नंबरानं भागत नाही, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मालक गेल्या माघात गेले. आदल्या शनिवारी संध्याकाळी गिरणी बंद करून, टोपी खिळ्याला विसरून घरी गेले होते. रविवारच्या पहिल्या गाडीला आले नाहीत, म्हणून कळलं. त्यांच्या लेकीनं गिरणी चालू ठेवायला सांगितली आणि किल्ल्या माझ्याकडं दिल्या.

पहिल्या दिवशी रांग होतीच. मी स्विचच्या पेटीजवळ गेले. ज्ञानबा हिरव्या बटणाजवळ. बोलायला मी कधी अडले नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. त्या दिवशी अडले. तो शब्द माझा नव्हता. ज्ञानबाचा नव्हता. मिनिटभर कुणी हललं नाही.

तेवढ्यात रांगेतून काठीचा आवाज आला. हौसाआजी, आता अगदी वाकलेली, पोत्याला टेकून बसली होती. पोतं उचलून आणलेला दीर शेजारी उभा.

"का थांबलाय गं?" ती ओरडली. "हात बाजूला घ्या समदे, आन आमेन म्हना की!"

ज्ञानबाचा हात सवयीनं गेला. बटण दाबलं गेलं. मोटार घरघरली, पट्टा फिरला, पत्रा थरथरला. ज्ञानबानं दचकून माझ्याकडं बघितलं. "म्या न्हाई... ती म्हनली," तो म्हणाला, आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागला.

पहिला मान आजीच्या पोत्याला दिला. तोंडाला चिंधी नाही ना, हे मी दोनदा बघितलं. मग ओतलं. थोड्याच वेळात तो वास सुटला. आख्ख्या गिरणीत, रस्त्यापर्यंत, आणि वर खिळ्याला अडकवलेल्या त्या टोपीपर्यंत.