आधीवाचा बाई

पगाराच्या दिवशी आमच्या शाळेत शिक्षकांची रांग लागायची. कारकून रजिस्टर पुढे सरकवायचा, शिक्षक आपल्या नावापुढे सही करायचे, नोटा मोजायचे आणि बाजूला व्हायचे. एकाच ठिकाणी ही रांग अडायची. टिपणीसबाईंचा नंबर आला की त्या चष्मा पुसायच्या, रजिस्टर स्वतःकडे वळवून घ्यायच्या आणि आपल्या नावाची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायच्या. मूळ पगार, महागाई भत्ता, कापलेला फंड, सगळं. मागचे गुरुजी चुळबुळ करायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, दर महिन्याला तेच तर असतं." बाई वर न बघता म्हणाल्या, "तेच असतं हे वाचल्याशिवाय कसं कळणार?"

आम्ही मुलींनी त्यांचं नाव 'आधीवाचा बाई' ठेवलं होतं, कारण वर्गात त्यांचं हेच पालुपद असायचं : "आधी वाचा, मग सही." त्यांना ते नाव माहीत होतं आणि बहुतेक आवडतही असावं. एकदा एका मुलीने तोंडावरच "आधीवाचा बाई" म्हटलं आणि जीभ चावली. बाईंनी फक्त "काय?" असं विचारलं आणि तिचं काम करून दिलं.

शाळा घाटकोपरची, मुलींची, म्युनिसिपालटीची. सातवीपर्यंत. माझे वडील कुर्ल्याच्या गिरणीत होते आणि आम्ही स्टेशनच्या पूर्वेला एका चाळीत राहत होतो. बाई मुलुंडहून यायच्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगावर फिकट पातळ, कपाळ मोकळं. नेमणुकीने त्या गणिताच्या बाई. पण शनिवारी शेवटचा तास त्यांनी मोठ्या बाईंकडून, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडून, मागून घेतला होता. त्या तासाला वेळापत्रकात नाव नव्हतं. बाई त्याला 'व्यवहार' म्हणायच्या.

व्यवहाराच्या तासाला पुस्तक नसे. बाईंची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात पोस्टाचे कोरे फॉर्म, गहाणखताची नक्कल, भाड्याच्या पावत्या, विम्याची माहितीपत्रकं, सावकाराच्या चिठ्ठ्या असे तऱ्हेतऱ्हेचे कागद होते. यातले बरेच त्यांनी पोस्टात नि कचेऱ्यांत जाऊन मागून आणलेले, काही स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले. एकेक कागद एकेका बाकावर यायचा. आम्ही तो मोठ्याने वाचायचा, मग सांगायचं की यात कोण कुणाला काय देणार आहे, कधी देणार आहे आणि दिलं नाही तर काय होणार आहे. बारीक अक्षरातली ओळ जी मुलगी आधी शोधेल तिला बाई फक्त "हं" म्हणायच्या. त्या एका 'हं'साठी आम्ही डोळे फोडून वाचायचो.

या तासासाठी म्युनिसिपालटीने पैसे द्यावेत, असा बाईंनी ध्यास घेतला होता. मागणी मोठी नव्हती. कागद छापायला थोडी रक्कम, वेळापत्रकात अधिकृत जागा आणि हे शिकवण्यासाठी एक शिक्षक, एवढंच. दरवर्षी त्या शिक्षण समितीला अर्ज करायच्या आणि दरवर्षी 'तरतूद नाही' असं उत्तर यायचं. ते उत्तर त्या आम्हाला वाचून दाखवत आणि आमच्याकडूनच पुढचा अर्ज लिहून घेत. आम्ही विचारलं, बाई, तुम्ही असंही शिकवताच की, मग पैसे कशाला? त्यावर त्या म्हणाल्या, "मी शिकवते म्हणून या शाळेत आहे. मी गेले की जाईल. तरतुदीतली गोष्ट माणूस गेल्यावरही राहते."

त्यांचं शिकवणं घरी नेल्यावर काय होतं, ते मी लवकरच अनुभवलं. वडिलांचे एक गिरणीतले मित्र कर्ज काढत होते आणि वडील त्यांना जामीन राहणार होते. कागद घरी आला. मी तो वाचला आणि वडिलांना सांगितलं की मित्राने एक हप्ता जरी चुकवला तरी सगळी रक्कम तुमच्याकडून मागता येईल, असं यात लिहिलंय. वडील भडकले. लेकीने बापाला शहाणपण शिकवू नये म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुन्हा माझ्याकडून वाचून घेतला आणि मित्राला सांगितलं की मी निम्म्या रकमेला जामीन राहतो, उरलेल्या निम्म्याला दुसरा कुणी बघ. मित्राने पुढे सगळं कर्ज वेळेवर फेडलं. तेव्हा वडील मला म्हणाले, "बघ, उगाच घाबरवलंस."

मी हिरमुसून हे बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "वडिलांचं बरोबर आहे. माणसावर भरवसा ठेवू नका असं मी कधी शिकवलं? आपण कशावर भरवसा ठेवतोय ते माहीत असावं, एवढंच."

नवे पैसे आले त्या वर्षी बाई चाळीचाळीत माहीत झाल्या. सोळा आण्यांच्या रुपयाचे आता शंभर नवे पैसे झाले, पण जुनी नाणीही चालू होती, आणि बाजारात नुसता गोंधळ. एका आण्याचे सहा नवे पैसे, म्हणून बायका तीन आण्यांचे अठरा धरायच्या, आणि दुकानदारही खुशाल अठराच परत द्यायचे. खरे व्हायचे एकोणीस. बाईंनी शाळेच्या फाटकाला एक फळा टांगला, त्यावर आणे-पैशांचा तक्ता लिहिला आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास त्या फळ्यापाशी उभ्या राहू लागल्या. माझी आई मालवणकडची. तिला अक्षरओळख नव्हती, पण तक्ता तिने ऐकून पाठ केला. दुसऱ्या दिवशी ती वाण्याकडे जाऊन उरलेला एक पैसा मागून घेऊन आली आणि तो तळहातावर ठेवून मला म्हणाली, "एक पैसो गे, पण माझो."

त्याच वर्षी शिक्षण समितीचं वेगळं पत्र आलं. व्यवहारज्ञानाचा तास एका शाळेत करून बघायला समिती तयार होती, पण तो पलीकडच्या रस्त्यावरच्या मुलांच्या शाळेत. मुलींच्या शाळेला त्याऐवजी शिवणाची यंत्रं मिळणार होती. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग त्यांनी आमच्याकडून अर्ज लिहून घेतला नाही. तो त्यांनी स्वतः लिहिला. समितीने एकदा येऊन हा तास बघावा आणि मग ठरवावं, एवढीच विनंती होती.

समितीचे तीन सभासद एका शनिवारी आले. आम्ही वेण्या घट्ट घालून बसलो होतो. बाईंनी ट्रंकेतून एक कागद काढला, तो हप्त्याने शिवणयंत्र घेण्याच्या कराराचा होता. मुद्दाम तो काढला असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. आम्ही वाचलं, हप्त्यांची बेरीज केली आणि रोख किंमत वजा केली. दोनशे दहाचं यंत्र शेवटी पावणेतीनशेला पडत होतं, आणि एक हप्ता चुकला तर यंत्रही परत जाणार होतं. एक सभासद पुढे वाकून ऐकत होते. पण त्यांतले वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "मुली हुशार आहेत. पण बाई, या उद्या संसार करणार. शिवण आलं तर चार पैसे मिळवतील. यांना आयुष्यात सही करायची वेळ येणार कुठे?"

बाई ट्रंकेचं झाकण लावून सरळ उभ्या राहिल्या.

"माझे यजमान वारले तेव्हा चौदाव्या दिवशी दिरांनी एक कागद पुढे केला," त्या म्हणाल्या. "वारसाच्या कामाचा आहे म्हणाले. मी सातवीची फायनल परीक्षा पास होते, साहेब. माझं अक्षर वळणदार, म्हणून लोक माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायचे. मी त्या कागदावर वळणदार सही केली. त्या सहीने ठाण्याच्या घरातला माझा हिस्सा गेला. मला लिहिता येत होतं. वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं."

एवढंच. आवाज चढला नाही की भरूनही आला नाही. हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पुढेही कधी सांगितलं नाही. ते गृहस्थ खाली बघत राहिले. जाताना त्यांनी आम्हाला नाही, बाईंना नमस्कार केला.

काही महिन्यांनी मंजुरी आली. मुलांच्या शाळेबरोबर आमच्याही शाळेला. मोठ्या बाईंनी स्वतः वर्गात येऊन पत्र बाईंच्या हातात दिलं. आम्ही बाकांवर हात आपटत होतो. बाई वाचत राहिल्या आणि शेवटच्या पानावर थांबल्या. मंजूर झालेल्या शिक्षकासाठी एक अट होती : त्याने हिशेबनिशीची सरकारी परीक्षा दिलेली असावी. बाईंनी ती दिलेली नव्हती. जो तास त्यांनी इतकी वर्षं फुकट चालवला, तो आता पगारी झाला होता आणि तो त्यांना घेता येणार नव्हता.

मोठ्या बाई संतापल्या. अट शिथिल करा असं आपण लिहू म्हणाल्या. बाईंनी मान हलवली. फाइल परत गेली की पुढचं वर्ष उजाडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि अट चुकीची नाही. पैसा लोकांचा आहे. तो ज्याला येतं त्याच्यावरच खर्च व्हायला हवा. परीक्षा दिलेली नाही ही अडचण माझी आहे, समितीची नाही."

पत्राच्या पोचेवर त्यांनी तिथेच सही केली. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. आईने कारण विचारलं, मी सांगितलं. तिला पटेना. जिने झाड लावलं तिलाच फळ नाही, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. माझ्याही नव्हतं.

जूनमध्ये वागळेसर आले. कोवळा माणूस, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, मुलींच्या वर्गात कानापर्यंत लाल होणारा. पहिल्याच शनिवारी ते फळ्याकडे वळले आणि पुन्हा वळून बघतात तो शेवटच्या बाकावर टिपणीसबाई वही उघडून बसलेल्या. सरांना वाटलं, तपासायला आल्या. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मी शिकायला आलेय. मला परीक्षेला लागणारी कीर्द-खतावणी येत नाही." मग त्या दर शनिवारी येऊ लागल्या. न समजलं की आमच्यासारखा हात वर करायच्या. आम्हाला सुरुवातीला हसू यायचं. पुढे त्यांनी विचारलेल्या शंका आमच्याही असतात हे कळलं आणि आम्हीही हात वर करू लागलो. शाळा सुटल्यावर सर त्यांना तासभर जास्त शिकवायचे. त्या बदल्यात बाईंनी सरांना ट्रंकेतला एकेक कागद समजावून दिला. कायद्याची भाषा सरांना यायची, पण त्या कागदापुढे बसलेला माणूस कसा घाबरलेला असतो ते बाईंना माहीत होतं.

पहिल्या खेपेला बाई परीक्षेत नापास झाल्या. निकाल त्यांनी वर्गात स्वतः सांगितला. किती गुणांनी परीक्षा गेली, कुठला प्रश्न चुकला आणि का चुकला, तेही फळ्यावर लिहून दाखवलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आपलं नापास होणं इतक्या सरळपणे सांगताना मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. नंतरही फारशी पाहिली नाही. दिवाळीनंतर वागळेसरांना बँकेत नोकरी लागली. जाताना ते बाईंच्या पाया पडले आणि बाई कमालीच्या अवघडल्या. उरलेलं वर्ष मोठ्या बाईंनी तो तास तात्पुरता त्यांच्याकडेच सोपवला आणि दुसऱ्या खेपेला बाई पास झाल्या.

आम्हाला वाटलं, आता सगळं ठीक झालं. पण सातवीची आमची परीक्षा तोंडावर आली असताना बदलीचा हुकूम आला. वाकोल्याच्या मुलींच्या शाळेतही हा तास सुरू व्हायचा होता आणि तिथे परीक्षा दिलेलं माणूस हवं होतं. आमच्या शाळेला दुसऱ्या शिक्षिका मिळणार होत्या. आम्ही काही मुलींनी बाईंना गाठून सांगितलं की तुम्ही नकार द्या, आमच्या आया मोठ्या बाईंकडे येतील. बाई म्हणाल्या, "तुमच्या आयांना फळा बघून झालाय. वाकोल्याच्या आयांना कोण आहे?"

शेवटच्या शनिवारी त्या नेहमीसारख्या वर्गात आल्या. निरोपाचं काही बोलल्या नाहीत. फळ्यावर चक्रवाढ व्याजाचं एक उदाहरण घातलं, ते स्वतःच सोडवत गेल्या आणि शेवटी उत्तराखाली रेघ मारली. आम्ही सगळ्या उत्तर उतरवून घेत होतो. खरं म्हणजे डोळे भरल्यामुळे कुणाला फळा नीट दिसतच नव्हता.

तेवढ्यात सुमन उठून उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा ती पुटपुटायची. ती म्हणाली, "बाई, दुसऱ्या वर्षाचं व्याज चुकलंय. तुम्ही मूळ मुद्दलावरच काढलंत."

बाई फळ्याकडे वळल्या. वरपासून खालपर्यंत ओळ न् ओळ त्यांनी बघितली. मग डस्टर घेऊन त्यांनी आपलं उत्तर पुसलं, खडू सुमनच्या हातात दिला आणि तिच्याच बाकावर जाऊन तिच्या जागी बसल्या.

सुमन लिहू लागली. मी मात्र बाईंकडे बघत होते. आमच्या सगळ्या वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.