रिकामी फळी

परवा वाडीच्या गोदामांवरून जाताना बारदान्याचा वास आला आणि मी मनानं पुन्हा आमच्या ग्रंथालयाच्या पहिल्या दिवसांत जाऊन उभी राहिले.

आर्थिक इतिहासाचं ग्रंथालय उभारायचं म्हणून आमच्या प्राध्यापक बाईंनी पोती भरभरून जुनी पुस्तकं जमवली होती. मी नवी ग्रंथपाल. शिकल्याप्रमाणे विषयांचे क्रमांक टाकायला घेतले, तर बाई म्हणाल्या, "थांब वं. कापूस इथून जसा गेला, तशी लाव."

मग दाराशी माती-बियाण्यांची पुस्तकं लागली, पुढे सरकी काढणाऱ्या जिनिंगची, बाजाराची, रेल्वेची, बंदरांची आणि पार पलीकडच्या भिंतीला विलायतेतल्या गिरण्यांची. एका हॉलमध्ये अर्धी दुनिया मावलेली पाहून मी थक्क झाले.

"बाई, वेचणाऱ्या बायांवर एकही नाही?" मी विचारलं. "माझी माय अजून कापूस वेचाले जाते."

माती आणि जिनिंगच्या मधली फळी बाईंनी पदरानं पुसली.

"ही रिकामी राहू दे."

तेव्हा मला वाटलं, एवढी जागा वाया गेली. आज ती फळी वेचणाऱ्या बायांवरच्या पुस्तकांनी भरली आहे. तिच्यावरची बहुतेक पुस्तकं ज्यांनी लिहिली, ती पोरं-पोरी इथेच अभ्यासाला बसायची आणि पहिल्याच दिवशी मला विचारायची, "मॅडम, ही फळी रिकामी काहून ठेवली?"